तोरण : दारावरची वस्तू की दाराशी घडणारी कृती? – एक समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

मराठी भाषेत 'तोरण' हा शब्द शुभारंभाशी इतका घट्ट बांधला गेला आहे, की त्याच्या मूळ अर्थाकडे सहसा आपले लक्ष जात नाही. शिवाजी महाराजांनी तोरणा किल्ला घेऊन स्वराज्याचे तोरण बांधले, हे वाक्य शालेय वयापासून आपल्या कानांवर पडलेले असते. वास्तुशांत, लग्न, पाडवा, दसरा असा कोणताही मंगल प्रसंग दारावरील तोरणाशिवाय पुरा होत नाही. असे असूनही आपल्या समीक्षाविचारात तोरणाला जवळजवळ स्थान मिळालेले नाही. लोकसंस्कृतीच्या लेखनात त्याचा उल्लेख येतो, तो बहुधा मांगल्याचे, सुफलतेचे किंवा अनिष्टनिवारणाचे प्रतीक म्हणून. गृहसजावटीच्या लेखनात येतो, तो शोभेची वस्तू म्हणून. पहिल्या दृष्टीला तोरणाचा अर्थ हवा असतो, दुसरीला त्याचे रूप. ते कोणी केले, कसे केले, किती दिवस राहिले आणि केव्हा उतरवले, हे प्रश्न मात्र दोन्हीकडे अनुत्तरित राहतात.

प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित प्रश्नांच्या आधारे तोरणाचा विचार करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : तोरण ही मुळात वस्तू नसून बांधणे, सुकणे आणि उतरवणे अशा तीन टप्प्यांची कृती आहे. या तीन टप्प्यांपैकी शेवटचा टप्पा नाहीसा झाला की तोरण दिसत राहते, पण बोलत नाही. या प्रतिपादनासाठी शब्दाचा व शिल्पाचा इतिहास, पानाफुलांच्या तोरणाची घडण, अन्य संस्कृतींतील दारावरील माळा व चक्रे, घडवणाऱ्या हातांचे सामाजिक स्थान आणि मराठी सौंदर्यशास्त्रातील दोन प्रमुख भूमिका यांचा क्रमाने आधार घेतला आहे.

१. शब्द आणि शिल्प

'तोरण' हा संस्कृत शब्द आज आपण दारावर लावायच्या माळेसाठी वापरतो. परंतु अमरकोशात तोरणाचा अर्थ बहिर्द्वार, म्हणजे बाहेरचा दरवाजा असा दिला आहे. म्हणजे एके काळी तोरण हे दारावर लावायचे नव्हते, ते स्वतःच दार होते. या अर्थाचा सर्वांत भव्य पुरावा सांची येथे आहे. तेथील मोठ्या स्तूपाची चार दगडी तोरणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानली जातात. दोन खांब आणि त्यांवर तीन आडव्या तुळया ही त्यांची रचना लाकडी बांधकामाची आहे. दगडाने लाकडाची नक्कल केली, असे कलेतिहासकार सांगतात ते या रचनेवरूनच.

या तोरणांविषयीची आणखी एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दक्षिण तोरणावरील एका लेखात श्री सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाची नोंद आहे. त्याच तोरणावर दुसरा लेख आहे, त्यात कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचे नमूद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या तोरणावर घडवणारे हात नोंदलेले आहेत. दगडाच्या तोरणाला लाभलेले हे भाग्य पानांच्या तोरणाला कधी लाभले नाही. ते टिकले नाही आणि त्याचा कर्ताही कोणी नोंदवला नाही.

कालिदासाच्या काव्यात तोरणाची दोन्ही रूपे भेटतात. 'मेघदूता'त यक्ष मेघाला आपल्या घराची खूण सांगतो, ती इंद्रधनुष्यासारख्या सुंदर तोरणाची. दुरून घर ओळखू यावे ते त्या तोरणामुळे. 'रघुवंशा'च्या पहिल्या सर्गात दिलीप आणि सुदक्षिणा वसिष्ठांच्या आश्रमाकडे निघाले असता आकाशात ओळीने उडणारे सारस पक्षी कवीला खांबांवाचून लटकणाऱ्या तोरणमाळेसारखे दिसतात. खांबांचे तोरण आणि माळेचे तोरण यांच्यामधला दुवा या कल्पनेत सापडतो. माळ ही मुळात खांबांवर बांधली जाई; पुढे खांबांचा अर्थ मागे पडला आणि माळेलाच तोरण म्हटले जाऊ लागले असावे. दुसऱ्या उदाहरणातली माळ क्षणभरात विरणारी आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

२. पानाफुलांच्या तोरणाची घडण

घरगुती तोरणाची सामग्री साधी असते : आंब्याची पाने, झेंडूची फुले, सुतळी किंवा जाड दोरा आणि दाभण. पाने फार कोवळी घेतली तर लगेच मान टाकतात, फार जून घेतली तर दुमडताना शिरेवर तडकतात. म्हणून मधल्या वयाची, सारख्या लांबीची पाने निवडावी लागतात. देठाकडचा भाग सुतळीवर दुमडून तो पानाच्याच देठाने किंवा काडीने टाचला जातो. काही घरांत पाने सरळ दोऱ्यात ओवतात. फूल ओवताना सुई देठाच्या मधोमध गेली नाही तर फूल एका बाजूला कलते. चौकटीची रुंदी विताने मोजली जाते आणि दोन्ही टोकांना बांधण्यापुरती सुतळी मोकळी सोडली जाते. ही सारी माहिती कोणत्याही पुस्तकातून आलेली नसते. ती शेजारी बसून घेतलेली असते. सुतळी किती ताणावी आणि मध्ये किती झोल ठेवावा, हे शब्दांत सांगता येत नाही, करून दाखवावे लागते.

कोकणात या परंपरेचे अधिक अर्थपूर्ण रूप आढळते. आश्विनात हळवे भात तयार होते तेव्हा दसऱ्याला किंवा नव्याच्या पौर्णिमेला दारावर 'नवे' बांधण्याची रीत आहे. भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान, कुरडूचे फूल अशा जिनसांची लहानशी जुडी करून ती चौकटीला बांधतात. गावोगावी जिनसा थोड्याफार बदलतात. देवघर, धान्याची कणगी, शेतीची अवजारे यांनाही 'नवे' बांधले जाते. पुष्कळ घरांत ही जुडी पुढच्या हंगामापर्यंत तशीच राहते. वाळते, तिच्यातले दाणे पाखरे टिपतात, आणि वर्षाने तिच्या जागी दुसरी येते. येथे तोरण म्हणजे पिकाची दारावर दिलेली पावतीच होय. ज्या वर्षी पीक बुडते त्या वर्षीची जुडी बारीक असते. प्रतीक आणि वस्तुस्थिती यांच्यात येथे अंतर उरत नाही.

तोरणाच्या परंपरेविषयी बोलताना 'शुद्ध' परंपरेचा आग्रह मात्र टाळला पाहिजे. ज्या झेंडूवाचून आपल्याला दसऱ्याची कल्पनाही करवत नाही, तो झेंडू मूळचा अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर तो भारतात रुजला. म्हणजे केशरी-पिवळ्या तोरणाचे आजचे रूप फार तर काही शतकांचे आहे. सौराष्ट्रातील ज्या मणीकामाच्या तोरणांना आज आपण पारंपरिक म्हणतो, ती विदेशातून, विशेषतः व्हेनिसहून आलेल्या काचमण्यांवर फुलली. आसोपालवाची पाने तोरणात वापरताना अनेक जण त्यालाच अशोक समजतात. वास्तविक ते दोन भिन्न वृक्ष आहेत. तात्पर्य, तोरणाची सामग्री सतत बदलत आली आहे. सामग्री बदलली म्हणून परंपरा मोडली, असे म्हणण्यास आधार नाही. मग ती कशाने मोडते, हा खरा प्रश्न आहे.

३. अन्यत्र दारांवर काय असते?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी अन्य संस्कृतींतील दारांकडे पाहणे उपयुक्त ठरते. प्राचीन अथेन्समध्ये प्यानोप्सिया या शरद ऋतूतील उत्सवात ऑलिव्ह किंवा लॉरेलची फांदी लोकरीने गुंडाळून, तिला हंगामातली फळे वगैरे बांधून घराच्या दाराशी लावली जाई. तिला 'एइरेसिओने' म्हणत. ती वर्षभर तेथेच राही आणि पुढच्या उत्सवात नव्या फांदीने तिची जागा घेतली जाई. कोकणातल्या 'नव्या'शी तिचे साम्य थक्क करणारे आहे. अरिस्टोफेनिसच्या एका विनोदी नाटकात एका वृद्ध स्त्रीची थट्टा करताना ती जुन्या एइरेसिओनेसारखी ठिणगीसरशी पेट घेईल, अशा आशयाचा उल्लेख येतो. विनोद समजण्यासाठी प्रेक्षकाला वाळलेली फांदी रोज दारात दिसत असली पाहिजे. म्हणजे सुकणे हा त्या वस्तूचा दोष नव्हता, तो तिचा सर्वांना परिचित असा स्वभाव होता.

आधुनिक ग्रीसमध्ये १ मे रोजी रानफुलांचे चक्र करून दारावर लावतात आणि जूनमधील सेंट जॉनच्या सणाला ते होळीत जाळतात. जपानमध्ये नववर्षाला भाताच्या पेंढ्याचा दोर वळून केलेली सजावट दारावर लावली जाते; सण संपल्यावर तीही विधिपूर्वक जाळली जाते. युरोप-अमेरिकेत नाताळच्या सुमारास सदाहरित डहाळ्यांचे चक्र दारावर लागते, आणि वसई व गोव्यातील ख्रिस्ती घरांतही आता ते दिसते. रोमन काळात लॉरेलने दारे सजवण्याची प्रथा इतकी रूढ होती, की तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने आपल्या धर्मबांधवांना त्याबद्दल कठोर शब्दांत फटकारले होते. दारावर काय आहे यावरून आतल्या माणसांची निष्ठा वाचली जाते, हे त्याने नेमके ओळखले होते.

या सर्व उदाहरणांत सामग्री वेगळी, आकार वेगळा, देव वेगळे. समान गोष्ट एकच : दारावरची वस्तू केव्हा जाणार हे ती लावतानाच ठरलेले असते. कोठे ती जाळतात, कोठे बदलतात, आपल्याकडे ती निर्माल्य होते. येण्याइतकेच जाणेही परंपरेने नेमून दिलेले आहे.

येथे मराठीतील एका शब्दाची आठवण होते. डहाळ्यांच्या वा फुलांच्या गोल चक्राला आपण 'पुष्पचक्र' म्हणतो, आणि हा शब्द आपल्याकडे हुतात्म्यांच्या स्मारकापाशी किंवा पार्थिवापाशीच वापरला जातो. युरोपात एकच आकार दारावरही असतो आणि थडग्यावरही. मराठीने आनंदासाठी तोरण आणि शोकासाठी पुष्पचक्र अशी वाटणी केली. परंतु तोरणाचा शोकाशी असलेला संबंध त्यामुळे संपला नाही. तो वेगळ्या रीतीने, तोरणाच्या अभावातून व्यक्त होतो. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

४. घडवणारे हात

'घरचे तोरण' असे आपण म्हणतो, तेव्हा घरातले कोण, हे सांगत नाही. बहुतांश घरांत पाने आणणे आणि चौकटीला खिळा ठोकणे हे पुरुषांचे काम, तर निवडणे, ओवणे, बांधणे हे स्त्रियांचे काम, अशी विभागणी दिसते. विसाव्या शतकात मध्यमवर्गीय घरांत लोकरीची, क्रोशाची, मण्यांची, काचेच्या नळ्यांची तोरणे आली आणि हे काम अधिकच स्त्रियांकडे गेले. लग्नातल्या रुखवतात मुलीने केलेले तोरण मांडले जाई. ते पाहून सासरची माणसे मुलीचा हात कसा आहे याची परीक्षा करीत. त्या तोरणात मुलीची हौस होती, तसाच तिच्यावरचा धाकही होता. स्वहस्ते घडवण्याचा गौरव करताना हा धाक विसरला, तर ती समीक्षा न राहता स्मरणरंजन ठरेल. आज रुखवत तयार विकत मिळते, भाड्यानेही मिळते. परीक्षा टळली, पण मांडण्याचा उपचार राहिला.

हातांचा विचार घराच्या उंबरठ्यावर थांबवूनही चालणार नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजाराच्या आसपास पालघर, कर्जत, कसारा या भागांतून आलेल्या स्त्रिया आंब्याच्या डहाळ्या, भाताच्या लोंब्या आणि बांधलेली तोरणे घेऊन पदपथावर बसलेल्या असतात. त्यांतल्या कित्येक आदिवासी आहेत. शहरातल्या घराला 'पारंपरिक' तोरण मिळते ते या स्त्रियांच्या रात्रभराच्या श्रमातून. त्यांच्या तोरणाचा भाव सकाळी एक असतो आणि दुपारी आरत्या झाल्यावर दुसरा. सायंकाळी न खपलेली पाने तेथेच टाकून त्या गाडी पकडतात. सांचीच्या कारागिरांची नोंद दगडावर राहिली. या स्त्रियांची नोंद घेण्याची जबाबदारी लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांवर आहे, आणि ती पुरेशी पार पडलेली नाही.

शुभकार्यात कोणाचे हात चालतात आणि कोणाचे चालत नाहीत, हा प्रश्न याहून कठीण आहे. विधवा स्त्रीला मंगल प्रसंगांतून दूर ठेवण्याची रूढी महाराष्ट्रात दीर्घकाळ होती आणि तिचे अवशेष अजून आहेत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. एकविसाव्या शतकात असा ठराव करावा लागला, यातच प्रश्नाचे गांभीर्य आहे. ज्या स्त्रीने तीस वर्षे घराचे तोरण बांधले, तिचा हात एका दिवसात अशुभ कसा ठरतो? तोरणाला केवळ मांगल्याचे प्रतीक मानणारी समीक्षा हा प्रश्न विचारू शकत नाही. कारण ती प्रतीकाकडे पाहते, हाताकडे पाहत नाही.

५. सौंदर्यशास्त्राची कसोटी

मराठी सौंदर्यविचारात तोरणाला कोठे जागा मिळेल? बा. सी. मर्ढेकर यांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथाला १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनुसार झालेली संवेदनांची संघटना म्हणजे सौंदर्य, ही त्यांची भूमिका अध्यापकवर्गाला परिचित आहे. या कसोटीवर तोरण सहज उतरते. पानांमागून पाने हा संवाद, हिरव्याशेजारी केशरी हा विरोध, आणि मधला झोल दोन्ही टोकांनी तोलून धरणे हा समतोल. एखाद्या वर्गात मर्ढेकरांची लयतत्त्वे समजावून देण्यासाठी तोरणाइतके सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल.

परंतु अडचण येथूनच सुरू होते. या कसोटीवर प्लास्टिकचे तोरणही तितकेच उतरते. किंबहुना अधिक उतरते. त्याची सर्व पाने एकाच मापाची असतात, रंग उडत नाही, झोल बिघडत नाही. शुद्ध संवेदनांच्या संघटनेपुरते पाहिले तर साच्यातून निघालेले तोरण हातच्या तोरणापेक्षा सरस ठरावे. आपली अभिरुची मात्र हा निर्णय मान्य करीत नाही. तेव्हा एकतर अभिरुची चुकते आहे किंवा कसोटी अपुरी आहे.

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात सौंदर्याच्या संकल्पनेला अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे दाखवून दिले. कलाकृतीकडे स्वायत्त रचना म्हणून पाहणे हा एक ध्रुव, जीवनव्यवहाराशी असलेल्या तिच्या नात्यातून पाहणे हा दुसरा. तोरणाचे मूल्यमापन दुसऱ्या ध्रुवाकडे झुकल्याशिवाय होऊ शकत नाही, हे उघड आहे. मात्र येथे एक भर घालावीशी वाटते. जीवनाशी नाते असे म्हणताना आपण बहुधा आशयाचा विचार करतो. तोरणाला सांगण्यासारखा आशय फारसा नाही. त्याचे जीवनाशी नाते आहे ते कालाच्या द्वारे. ते एका दिवशी येते आणि एका दिवशी जाते. घरातल्या माणसांचेही तसेच असते. म्हणून तोरणाच्या समीक्षेत रचनेच्या आणि आशयाच्या जोडीला अवधी हे तिसरे परिमाण मानावे लागेल.

६. कायमचे तोरण

या प्रतिपादनामागे एक घरगुती अनुभव आहे. शोधनिबंधात तो सांगावा की नाही, याविषयी प्रस्तुत लेखिकेच्या मनात संकोच होता. पण तो वगळला तर लेखातील मुख्य विचार कोठून आला हे लपवल्यासारखे होईल.

लेखिकेचे वडील गेले तेव्हा दारावर प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचे तोरण होते. ते कोणत्या सणाला लावले, हे घरात कोणालाही आठवत नव्हते. काही वर्षे ते तेथे होते आणि त्याच्याखालून आम्ही रोज ये-जा करीत होतो. वडिलांना घरी आणण्यापूर्वी आत्या पुढे आली, तिने वर पाहिले आणि स्टूल मागितले. तोरण खिळ्यांना तारेने पक्के आवळलेले होते. ते हाताने निघेना; शेवटी शेजाऱ्यांकडून पक्कड आणावी लागली. दाराबाहेर माणसे जमलेली, आणि आत्या स्टुलावर उभी राहून तार पिळते आहे, हे दृश्य विसरता येत नाही. त्या दिवसापर्यंत आपल्या दारावर तोरण आहे हेच आम्ही पाहिले नव्हते.

यातून हाती आलेला विचार असा. दुःखाच्या घरी तोरण नसते. वर्षभर सण करीत नाहीत, दार मोकळे असते. गावातल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मोकळे दार काही न बोलता सर्व सांगते. परंतु मोकळे दार बोलू शकते, ते इतर वेळी तेथे तोरण बांधले आणि उतरवले जाते म्हणूनच. जी खूण कायम असते, तिच्या असण्याला अर्थ उरत नाही आणि म्हणून नसण्यालाही उरत नाही. तारेने आवळलेल्या तोरणाने आमच्या दारापासून सुखाची आणि दुःखाची अशा दोन्ही भाषा काढून घेतल्या होत्या. प्लास्टिक पर्यावरणाला घातक आहे, हे खरेच आहे. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, तीत सजावटीचे थर्माकोलही होते. पण दारावरच्या प्लास्टिकवरील सांस्कृतिक आक्षेप याहून निराळा आहे. ते न सुकल्यामुळे ते काढण्याचे कारणच उरत नाही.

यावरून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट करता येतो. टिकाऊपणा हा स्वतः दोष नव्हे. आजीने केलेले मण्यांचे तोरण चाळीस वर्षे टिकते. परंतु ते सणाच्या आदल्या दिवशी पेटीतून निघते आणि सण संपला की जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पुन्हा पेटीत जाते. त्याला येणे-जाणे आहे, म्हणून ते तोरण आहे. याउलट ताज्या फुलांचे तोरण कंत्राट देऊन रोज बदलले जात असेल, तर तेही प्लास्टिकच्याच जातीचे. भेद सामग्रीचा नाही, अवधीचा आहे.

७. एक आक्षेप

नोकरी, प्रवास आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रीने आता तोरणही स्वतः बांधावे, हा आग्रह म्हणजे रुखवताच्या परीक्षेचेच नवे रूप नव्हे काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो न्याय्य आहे. अलीकडे 'स्वतः तोरण बनवा' अशा कार्यशाळा निघतात, त्यांची तयार साहित्याची पाकिटे मिळतात. त्यांतही शिकणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात आणि शेवटी छायाचित्रात शोभेल असे तोरण हेच साध्य मानले जाते.

याला उत्तर असे, की स्वतः करण्याचे मोल तोरणाच्या देखणेपणात नाही. चौकटीला पाच पाने बांधली तरी तोरण होते. त्याला पाव तासाहून अधिक वेळ लागत नाही, आणि तो वेळ स्त्रीनेच द्यावा असा कोणताही नियम नाही. ज्याला बांधता येते त्याला उतरवण्याचीही आठवण राहते. तयार तोरण विकत घेणाऱ्यानेही ते बांधणाऱ्या स्त्रीशी दोन शब्द बोलून, योग्य भावाने घेतले आणि वेळेवर उतरवले, तर तोही या परंपरेत आहे. ओबडधोबड तोरण लाजिरवाणे वाटणे, हाच खरा तर बदलण्याजोगा संस्कार आहे.

निष्कर्ष

१. 'तोरण' या शब्दाचा प्रवास बाहेरच्या दरवाजापासून दारावरील माळेपर्यंत झाला असून त्याची सामग्री काळानुसार बदलत आली आहे. सामग्रीच्या शुद्धतेवर परंपरेची शुद्धता ठरवता येत नाही.

२. कोकणातील 'नवे', ग्रीसमधील एइरेसिओने, जपानमधील पेंढ्याची सजावट यांची तुलना करता दारावरील खुणेचे उतरणे हे तिच्या लागण्याइतकेच नेमून दिलेले असते, असे दिसते.

३. तोरणाची समीक्षा घडवणाऱ्या हातांना वगळून होऊ शकत नाही. घरातील स्त्रिया, मंगलकार्यातून वगळलेल्या स्त्रिया आणि बाजारात तोरण विकणाऱ्या स्त्रिया या तिन्हींचा विचार एकत्र व्हावयास हवा.

४. रचना आणि आशय यांच्या जोडीला अवधी हे परिमाण मानले, तर तोरण, रांगोळी, गुढी यांसारख्या अल्पजीवी कृतींना मराठी सौंदर्यविचारात योग्य स्थान देता येईल.

वडिलांचे वर्षश्राद्ध झाल्यानंतरच्या दसऱ्याला आमच्या घरी पुन्हा तोरण बांधले गेले. कोणी बांधायचे, हा प्रश्न मोठ्याने कोणी विचारला नाही. आत्याने दाभणात सुतळी ओवली आणि ती आईच्या हातात दिली. आईने सात पाने बांधली. मधले एक थोडे वाकडे लागले. चौथ्या दिवशी फुले काळवंडली आणि आठवड्याने आईनेच ते तोरण उतरवून तुळशीच्या बुंध्याशी ठेवले.